शहरातली विषमता गल्लीच्या पातळीवर मोजायची कशी? (मुंबई, एम-पूर्व विभाग)

(चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

आराखडा (धागाकर्ती)

नगररचनेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा सहा जणांचा गट आहे. विषय ठरला आहे: शहरी विषमता आणि तिचा शाश्वत विकासावर होणारा परिणाम. क्षेत्र मुंबई महापालिकेचा एम-पूर्व विभाग, म्हणजे गोवंडी, शिवाजीनगर, मानखुर्द, देवनार, चीता कॅम्प. हातात चार महिने.

बेत असा आहे: २०११ च्या जनगणनेतून विभागवार आकडे काढायचे, त्यावर गिनी गुणांक (उत्पन्न किंवा खर्च किती विषम आहे ते ० ते १ मध्ये सांगणारा आकडा) काढायचा, चारशे घरांची प्रश्नावली भरून घ्यायची आणि शाश्वत विकास ध्येयांपैकी ६ (पाणी आणि स्वच्छता), १० (विषमता कमी करणं) आणि ११ (शहरं) च्या निर्देशकांशी ताडून पाहायचं. यात कुठे चुकेल ते स्पष्ट सांगा. आणखी एक अडचण आहे. विषमता दाखवता येईल, पण तिचा शाश्वत विकासावर परिणाम होतो हा दुवा कसा सिद्ध करायचा?

आकडेमोड

पहिली चूक विभागवार आकड्यांतच आहे. एम-पूर्वची लोकसंख्या २०११ ला सुमारे ८ लाख होती. त्याच विभागात अणुशक्तीनगरसारखी आखीव, झाडांची, चोवीस तास व्यवस्था असलेली वसाहत आहे आणि देवनार कचराभूमीला लागून असलेली रफीकनगरसारखी वस्तीही आहे. दोन्ही एकत्र करून सरासरी काढली तर येणारा आकडा दोन्हीपैकी कुणाचाच नसतो. म्हणून एकक लहान घ्या. जनगणनेचा प्रगणन गट साधारण सव्वाशे घरांचा असतो, तिथपर्यंत उतरता आलं तर उत्तम. तेवढं जमत नसेल तर निदान वस्ती हे एकक धरा.

गिनीबद्दल. तो उत्पन्नावर किंवा खर्चावर काढायचा तर तसा डेटा हवा. जनगणना उत्पन्न विचारतच नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची घरगुती खर्चाची पाहणी विचारते, पण तिचा नमुना राज्याच्या शहरी भागासाठी असतो, तुमच्या विभागासाठी नाही. शिवाय अगदी श्रीमंत घरं अशा पाहण्यांना दार उघडत नाहीत, त्यामुळे वरचं टोक कायम तोकडं दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत, २००५-०६ ला, मुंबई आणि नागपूरसह आठ शहरांत झोपडपट्टी आणि बिगर-झोपडपट्टी असे वेगळे आकडे दिले होते. ते जरूर बघा, पण आता ती संदर्भापुरती गोष्ट. तुमच्या कामाला सेवांमधली विषमता घ्या: माणशी किती लिटर, किती मिनिटं, किती रुपये. ती डोळ्यांना दिसते आणि हाताने मोजता येते.

'झोपडपट्टी'ची व्याख्याही तपासा. जनगणना साधारण ६० ते ७० घरांच्या गठ्ठ्यालाच झोपडपट्टी म्हणते, नमुना सर्वेक्षण २० घरांना. म्हणजे नाल्याकाठची ४० घरांची रांग एकीकडे मोजली जाते, दुसरीकडे नाही. मुंबईचं झोपडपट्टीतल्या लोकसंख्येचं प्रमाण २००१ ला सुमारे ५४ टक्के आणि २०११ ला सुमारे ४२ टक्के नोंदलं गेलं. हा फरक 'सुधारणा' म्हणून लिहायच्या आधी दोन्ही वेळी हद्दी कशा आखल्या होत्या ते बघा.

एक इशारा मनापासून देतो. या विभागाचं 'सरासरी आयुर्मान' म्हणून एक फार कमी आकडा ठिकठिकाणी फिरतो. तो बहुधा मृत्यूसमयीच्या सरासरी वयाचा असतो. ज्या वस्तीत लहान मुलं आणि तरुण जास्त, तिथे ते वय आपोआप खाली येतं. आयुर्मान काढायला वयोगटवार मृत्युदर लागतात. तो आकडा तसाच उचललात तर परीक्षक पहिल्या पानावरच थांबेल. आणि इथल्या माणसांवरही अन्याय होईल, कारण खरा प्रश्न चुकीच्या आकड्यामुळे सहज उडवून लावता येतो.

गल्लीनकाशा

नमुन्याबद्दल. चारशे हा आकडा सगळे ३८४ च्या सूत्रातून आणतात: ५० टक्के प्रमाण, ५ टक्के चूक, ९५ टक्के विश्वास. पण ते सूत्र यादीतून सुटी सुटी घरं उचलली तर लागू. तुम्ही गल्लीवार जाणार. एका गल्लीतली घरं एकमेकांसारखीच असतात, एकच पाइप, एकच गटार. प्रत्येक गल्लीत १५ घरं घेतलीत आणि घरांमधलं साम्य ०.०७ (० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे सगळी सारखी) धरलं तर नमुना १ अधिक १४ गुणिले ०.०७, म्हणजे जवळपास दुप्पट लागतो. सुमारे ७६० घरं. सहा जणांना तेवढं जमणार नसेल तर गल्ल्या वाढवा आणि दर गल्लीतली घरं कमी करा. ६० गल्ल्या गुणिले ७ घरं, हे ४२० घरांचं काम २८ गल्ल्या गुणिले १५ पेक्षा कितीतरी भरवशाचं.

यादी करताना घरं मोजू नका, दारं मोजा. शिवाजीनगरमध्ये तळमजल्यावर मालक आणि बाहेरून लावलेल्या लोखंडी शिडीने वर माळ्यावर भाडेकरू, असं घरटी दिसेल. खालच्या बाईंनी दार उघडलं की पाहणी करणारा तिथेच बसतो आणि माळा सुटतो. आणि विषमता नेमकी त्या शिडीवर आहे. नळ खालच्याच्या नावावर, माळ्यावरचा महिन्याला पाण्याचे पैसे वेगळे देतो किंवा कळशीने भरतो. मीटर एक, कुटुंबं दोन-तीन. प्रत्येक शिडी वर चढा. दुपारी वरचे कामावर असतात, म्हणून रविवारी सकाळी किंवा रात्री आठनंतर जा.

नकाशासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. उपग्रहचित्रावर छपरं काढता येतात, पण गल्ल्यांवर ताडपत्री आणि वाढवलेले माळे असल्यामुळे खालची वाट दिसत नाही. मोबाइलचं जीपीएस अशा अरुंद गल्लीत दहा-पंधरा मीटर सहज भरकटतं, म्हणजे शेजारच्या गल्लीत जातं. त्यापेक्षा छापील चित्र घेऊन चालत जा. कोपरा, संडास, नळाचं खोकं, पीठगिरणी, बालवाडी अशा न हलणाऱ्या खुणा नोंदवा आणि नंतर त्यावर बिंदू बसवा.

नळपाणी

पाण्याचा भाग सविस्तर लिहितो, कारण तुमचा 'दुवा' इथे सगळ्यांत स्वच्छ दिसतो.

मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी येतं. लोकसंख्येने भागलं तर आकडा छान दिसतो. पण इमारतींसाठी माणशी १३५ लिटरचा हिशेब आणि वस्तीतल्या गटजोडणीसाठी (अनेक घरांत मिळून एक नळ) माणशी ४५ लिटरचा, हा फरक नियोजनातच आहे. म्हणून विषमता शोधायची सुरुवात नळापासून नाही, निकषापासून करा. २०१४ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलं की घर अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. तोवर १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांना अधिकृत जोडणीच नव्हती. त्यामुळे प्रश्नावलीत 'नळ आहे का' एवढ्यावर थांबू नका. जोडणी कोणत्या वर्षी मिळाली, कुणाच्या नावावर, किती घरांत, हे विचारा.

मोजायचं कसं. २० लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ. पाणी आल्यावर पाच मिनिटांनी, मध्ये, आणि जायच्या दहा मिनिटं आधी, असं तीनदा मोजा, कारण दाब उतरत जातो. समजा सरासरी १०० सेकंदांत बादली भरली. म्हणजे तासाला ७२० लिटर. पाणी दीड तास आलं तर १,०८० लिटर. त्या जोडणीवर १० घरं, ५० माणसं असतील तर माणशी साडेएकवीस लिटर. ४५ चा निकषही अर्धा. हे तीन वेगवेगळ्या दिवशी करा. एकदा मोजून लिहिलेला आकडा निरुपयोगी, कारण चावीवाल्याने (पाणी सोडणाऱ्या पालिकेच्या माणसाने) व्हॉल्व्ह किती फेरे उघडला यावर तो बदलतो. मोटार लावून मोजताय की न लावता, हेही नोंदवा.

किंमत काढताना सगळं हजार लिटरवर आणा. समजा ३५ लिटरचा कॅन १५ रुपयांना पडतो. मग हजार लिटर सुमारे ४२८ रुपयांना पडले. पालिकेचा घरगुती दर हजार लिटरला एक आकडी रुपयांत आहे. ही तुलना दहा पानांच्या विवेचनापेक्षा जास्त सांगते. वेळही मोजा: रांग, वाहतूक, पाण्याची वाट बघत बसलेले तास. कोण बसतं तेही लिहा. बहुतेक घरांत ती बाई असते किंवा शाळकरी मुलगी.

आता दुवा. पाणी दिवसात तास-दीड तासच येतं म्हणून लोक मोटार लावतात. मोटारीने पाइपातला दाब शून्याखाली जातो. पाइप गटारातून गेलेला असतो, सांधे गंजलेले, आणि त्या ओढीत गटाराचं पाणी आत येतं. मोटार नसलेल्या शेजाऱ्याला पाणी कमी मिळतं, तोही उद्या मोटार घेतो. वीज जाते, गळती वाढते, शुद्धीकरणावर केलेला खर्च शेवटच्या पन्नास मीटरवर वाया जातो. असमान वाटपाने जाळंच टिकाऊ राहत नाही, हे तुम्ही मोजून दाखवू शकता. त्यासाठी दोन नमुने घ्या: पाणी आल्या आल्या पहिल्या पाच मिनिटांत आणि वीस मिनिटांनंतर. उरलेलं क्लोरीन जागेवरच तपासा, लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी आलं तर खूण करा. एच-टू-एसच्या (हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या) बाटल्या स्वस्त मिळतात, २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर मैलमिसळ असण्याची शक्यता जास्त. ही केवळ चाळणी आहे. काळ्या निघालेल्या ठिकाणचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फाच्या डब्यात, सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवा.

आराखडा

हे फार उपयोगी पडेल. एक शंका आहे. अनधिकृत जोडण्या नकाशावर आल्या तर कारवाई होईल, ही भीती लोक बोलून दाखवतात.

गल्लीनकाशा

भीती खरी आहे, आणि ती दूर करणं तुमची जबाबदारी. छापायच्या नकाशावर नळाचा बिंदू ठेवूच नका. गल्ली किंवा शंभर घरांचा गट एवढंच दाखवा. मूळ फाइलमध्ये घराला सांकेतिक क्रमांक द्या, आणि नावांची यादी वेगळ्या ठिकाणी, परवलीच्या शब्दाखाली. जोडणी अधिकृत आहे का, हा प्रश्न प्रश्नावलीतून काढून टाका. बिल येतं का आणि कुणाला पैसे देता, एवढ्यात तुम्हाला हवं ते कळतं. फोटोपास (झोपडीधारकाचं ओळखपत्र) किंवा रेशनकार्डाचा फोटो काढू नका. संमती तोंडी चालेल, पण मराठीत आणि हिंदीत, वाचून दाखवून. आणि 'यातून तुम्हाला घर किंवा पाणी मिळेल' असं चुकूनही सूचित होऊ देऊ नका. त्या आशेपायी मिळालेली उत्तरं खरी नसतात.

मैलापाणी

संडासांबद्दल. स्वच्छ भारत अभियानाचा सामुदायिक शौचालयाचा निकष ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक सीट असा आहे, आणि ज्यांच्या घरात जागा नाही त्यांना ते ५०० मीटरच्या आत हवं. कागदावर हे पुष्कळदा बसतं, कारण कागदावर सगळ्या सीट मोजलेल्या असतात. तुम्ही चालू सीट मोजा. कडी आहे का, दिवा आहे का, पाणी आहे का, तुंबलं आहे का. चारही नीट असेल तरच ती सीट धरा. समजा बायकांकडे ८ सीट आहेत, त्यातल्या ३ बंद, आणि वापरणाऱ्या ४००. म्हणजे एका सीटमागे ८०.

पहाटे साडेपाच ते नऊ, दर पंधरा मिनिटांनी रांगेतली माणसं मोजा, बायका आणि पुरुष वेगळे. बायकांची मोजणी मुलींनीच करावी. रात्री अकरानंतर संडास उघडा असतो का, हे वेगळं विचारा. बंद असेल तर लहान मुलं, गरोदर बाया, म्हातारी माणसं काय करतात, याचं उत्तर सहसा घरातली मोरी किंवा नाला असतं. महिन्याचा पास आहे की दर खेपेला पैसे, तेही लिहा. पाच माणसांच्या घराला दर खेपेचा दर महिन्याकाठी किती पडतो ते काढा.

मग इमारतीच्या मागे जा. मैला जातो कुठे? सांडपाण्याच्या वाहिनीला जोडलं आहे की टाकीला? टाकी शेवटची कधी उपसली? निर्गमाचा पाइप नाल्यात उघडा सोडलेला दिसला तर फोटो घ्या. शहर कितीही मोठी मलप्रक्रिया केंद्रं बांधो, वाहिनीला न जोडलेला मैला त्या केंद्रात पोहोचतच नाही. तो नाल्यातून खाडीत जातो. नुसती केंद्राची क्षमता मोजून ध्येय ६ चा ताळेबंद मांडला तर हा पाइप त्यात येत नाही. दुवा हवा होता ना, तो हा.

वातझोत

उष्णता आणि हवा घेणार असाल तर दोनच गोष्टी. लँडसॅट उपग्रहाची तापमानचित्रं मोफत मिळतात, पण ती पृष्ठभागाची, म्हणजे पत्र्याची. आणि वेळ सकाळी अकराच्या सुमाराची. घरातला त्रास रात्रीचा असतो. मूळ औष्णिक चित्राचा ठिपका १०० मीटरचा आहे, ३० मीटरचा करून दिलेला असला तरी त्यात गल्ली दिसणार नाही. तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं दहा-बारा घरांत, जमिनीपासून दीड मीटरवर, चुलीपासून आणि खिडकीपासून लांब, दोन आठवडे ठेवा. पत्र्याचा माळा, स्लॅबचं घर आणि इमारत, प्रत्येकी चार.

धूळ मोजणारी स्वस्त यंत्रं दमट हवेत जास्त आकडा दाखवतात. आधी दोन आठवडे अधिकृत केंद्राशेजारी ठेवून फरक काढा, मगच वापरा. आणि देवनारचा इतिहास विसरू नका. १९२७ पासून शहराचा कचरा इथे टाकला गेला, २०१६ च्या जानेवारीत तो दिवसेंदिवस जळत होता. माणशी कमी कचरा करणारी वस्ती सगळ्यांच्या कचऱ्याचा धूर घेते. 'वापर कुठे आणि ओझं कुठे' असा एक तक्ता जरूर करा.

मजलेवाले

एक वेगळा मुद्दा. सगळ्यांना पक्क्या इमारतीत हलवलं तर यातलं बरंच सुटत नाही का? नळ घरात, संडास घरात. निर्देशक ११.१.१ (झोपडपट्टीत किंवा अपुऱ्या घरांत राहणाऱ्या शहरी लोकांचं प्रमाण) लगेच सुधारतो.

आकडेमोड

निर्देशक सुधारतो, पण तो काय मोजतो ते पाहा. यूएन-हॅबिटॅटच्या (संयुक्त राष्ट्रांची वसाहतींविषयीची संस्था) झोपडपट्टीच्या व्याख्येत पाच वंचितता आहेत: पाणी, शौचालय, पुरेशी जागा, टिकाऊ बांधकाम, ताब्याची शाश्वती. पुरेशी जागा म्हणजे एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं नकोत. पुनर्वसनाच्या २२५ चौरस फुटांच्या एका खोलीत पाच माणसं राहिली तर ते घर याच व्याख्येने नापास. उजेड आणि वारा तर यादीतही नाहीत.

याच विभागात नटवर पारेख हे पुनर्वसन संकुल आहे. तिथल्या इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर. खालच्या मजल्यांवर उजेड आणि वारा कमी पोहोचतो, आणि क्षयरोगाचा त्याच्याशी संबंध असल्याचं तिथे झालेल्या अभ्यासात दिसलं. दाटीची ही घरं विकास नियमावलीत बसवूनच बांधलेली आहेत. म्हणून इमारतींचा गटही नमुन्यात घ्या आणि तिथे वेगळं विचारा: लिफ्ट महिन्यात किती दिवस बंद, देखभालीचा खर्च महिन्याला किती, भरणारी घरं किती, कामाच्या जागी पोहोचायला आधी किती वेळ आणि भाडं लागायचं आणि आता किती. वस्तीत घराच्या दारात चालणारी शिवणकामं, जरीकाम, पापड सहाव्या मजल्यावर चालतात का, हाही प्रश्न.

मजलेवाले

हे मान्य. तळमजला ते दुसरा आणि पाचवा ते सातवा असे दोन थर वेगळे ठेवायला हवेत, नाहीतर इमारतीची सरासरीही विभागाच्या सरासरीसारखीच फसवेल.

आकडेमोड

अगदी बरोबर. धागाकर्तीने हे नमुन्यात घालावंच.

कलम_सहा

माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका, चार महिन्यांत वेळ तिथेच जातो. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एका अर्जात एकच विषय, शुल्क १० रुपये. 'पाणीपुरवठ्याची सर्व माहिती द्या' असं लिहिलंत तर ती विपुल आहे असं सांगून परत पाठवतात. विभाग कार्यालयातल्या जलकामे खात्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे एक अर्ज: पुरवठा क्षेत्रनिहाय पाणी सोडण्याचं वेळापत्रक. दुसरा: गेल्या तीन वर्षांतल्या दूषित पाण्याच्या तक्रारी, महिनावार आणि ठिकाणवार. तिसरा घनकचरा खात्याकडे: सामुदायिक शौचालयांची यादी, सीटसंख्या आणि जोडणीचा प्रकार. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. आलेलं वेळापत्रक आणि तुमच्या बादलीची नोंद शेजारी शेजारी ठेवा. त्यातली तफावत हाच तुमचा सर्वांत मजबूत तक्ता होईल.

आराखडा

सगळं वाचून बेत बदलला. गिनी वगळला. ६० गल्ल्या, दर गल्लीत ७ दारं, माळे धरून. त्याखेरीज दोन पुनर्वसन संकुलं, दोन थरांत. पाणी ३० जोडण्यांवर तीन-तीन दिवस, संडास १२. हवा वगळली, उष्णता फक्त बारा घरांत. दुव्यासाठी तीन साखळ्या: मोटार आणि दूषित पाणी, टाकी आणि खाडी, कचरा आणि धूर. तिसरीचे आकडे जमले नाहीत तर फक्त मांडणी करू. मोजणी एप्रिल-मेमध्ये.

नळपाणी

नुसतं एप्रिल-मे पुरणार नाही. मेमध्ये पाणी कमी असतं, पण दूषित पाण्याची खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये, गटारं भरून पाइप बुडतात तेव्हा. ३० पैकी निदान १० जोडण्या पावसाळ्यात पुन्हा तपासा, चार महिने संपले तरी. त्याच घड्याळाने, त्याच बादलीने.

निकाल आधी गल्लीत वाचून दाखवा, मग महाविद्यालयात. बायका लगेच सांगतात, 'आमच्याकडे मंगळवारी पाणी उशिरा येतं, तुम्ही मंगळवारी मोजलं का?' म्हणून प्रत्येक जोडणीचे तीन दिवस वेगवेगळ्या वारांचे घ्या, आणि त्या भागाच्या चावीवाल्याची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते ते आधी विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.